इंटरव्ह्यूमध्ये ‘ॲम्बिग्युइटी कशी हाताळता’ असं विचारलं तर काय सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत पीपीसीमध्ये (उत्पादनाचं नियोजन आणि नियंत्रण बघणारा विभाग) ४ वर्षं काम, खराडीतल्या एका मल्टिनॅशनलच्या ऑफिसात सप्लाय चेन ॲनालिस्टचा इंटरव्ह्यू झाला, तिथे विचारलं की क्लॅरिटी नसताना, अर्धवट माहितीवर काम करावं लागलं असा एखादा प्रसंग सांगा. उत्तर दिलं, ‘आमच्याकडे सगळं एसओपीप्रमाणे (कामाची ठरलेली लेखी पद्धत) चालतं, काही क्लियर नसलं की मी साहेबांना विचारतो.’ पॅनेलने मान डोलावली, पुढचा प्रश्न घेतला आणि नंतर रिजेक्टचा मेल आला. आता पुढच्या आठवड्यात दुसरीकडे राउंड आहे आणि शंका अशी की माझ्या कामात असं काही घडतच नाही, मग रचून सांगायचं का, आणि विचारून काम करणं यात चूक काय? शिवाय काही क्लियर नसलं की पोटात गोळा येतो, म्हणजे कदाचित मी या कामाला लायकच नाही का?

रचून अजिबात सांगू नका. दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला रचलेली गोष्ट उघडी पडते, कारण खऱ्या प्रसंगात जे बारीकसारीक असतं ते रचलेल्यात नसतं, आणि मुळात तुम्हाला गरजच नाहीये. मी स्वतः प्लॅनिंग आणि सप्लाय चेनमध्येच काम केलंय आणि गेली बरीच वर्षं पुण्यात इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतोय, त्यामुळे ठामपणे सांगतो, पीपीसीत ४ वर्षं काढलेल्या माणसाकडे अशा प्रसंगांची ददात नसते. तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. रोज तेच करत असल्यामुळे ते अनिश्चित होतं हेच तुमच्या लक्षात राहिलेलं नाही. शेड्यूल आलं, बदललं, परत बदललं, आपण जमवलं, डिस्पॅच गेला, संपलं. आठवताना सगळं सरळ वाटतं कारण शेवट आता माहिती असतो.

आणि हीच गोष्ट मला पॅनेलवर सगळ्यात जास्त दिसते, तुमच्यापेक्षा दुप्पट अनुभवाच्या लोकांमध्येसुद्धा. प्रसंग चांगला असतो पण सांगताना लोक त्यातलं धुकंच पुसून टाकतात. ‘अशी अशी परिस्थिती होती, मी असं असं केलं, रिझल्ट छान आला.’ ऐकणाऱ्याला वाटतं की मग यात कठीण काय होतं? आम्हाला तुमचा शेवट नको असतो हो, शेवट काय, कधी नशिबानेही चांगला होतो. आम्हाला बघायचं असतं की त्या दिवशी सकाळी तुमच्या हातात काय माहिती होती, काय नव्हती, जे नव्हतं त्यातलं कशावाचून अडत होतं आणि कशावाचून नाही, आणि तेवढ्यावर तुम्ही कुठलं पाऊल टाकलंत, कुठलं मुद्दाम टाकलं नाहीत. हे सांगता आलं पाहिजे.

आता तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिप्सचा तुटवडा होता, गाड्यांच्या कंपन्यांना वेळोवेळी उत्पादन कमी करावं लागलं आणि त्याचा मार चाकण, रांजणगाव, नाशिक सगळीकडच्या व्हेंडरांना बसला. त्या काळाबद्दल बहुतेकांचं उत्तर असं असतं: ‘चिप शॉर्टेजमुळे शेड्यूल अनसर्टन होतं, आम्ही टीम म्हणून सगळ्यांशी कोऑर्डिनेट केलं, डेली फॉलोअप घेतला आणि लाईन थांबू दिली नाही.’ यात खोटं काहीच नाही, पण कुठल्याही व्हेंडरकडच्या कुठल्याही माणसाने हेच सांगितलं असतं.

तोच प्रसंग असा सांगून बघा. आकडे मी उदाहरणादाखल टाकतोय, तुम्ही तुमचे घाला. ‘कस्टमर आम्हाला पुढच्या महिन्याचं फर्म म्हणजे पक्कं शेड्यूल द्यायचा आणि त्यापुढच्या दोन महिन्यांचं टेंटेटिव्ह, म्हणजे अंदाजे. टेंटेटिव्ह होतं १२,००० नगांचं. पण आधीच्या तीन महिन्यांत १२,००० सांगून प्रत्यक्षात उचललं होतं ८,२००, ११,५०० आणि ९,०००. म्हणजे आकड्यावर भरवसा नव्हता, आणि स्टीलची ऑर्डर मात्र आताच टाकायला लागणार होती कारण लीड टाईम, म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ, मोठा. कस्टमरच्या मटेरियल डिपार्टमेंटला विचारलं तर त्यांनाही चिप्स कधी येणार ते माहिती नव्हतं, त्यामुळे विचारून उत्तर मिळणार नाही हे कळलं. मग मी सामानाचे दोन भाग केले. स्टील कॉइल आमच्या आणखी तीन पार्टना लागते, जास्त झाली तरी खपते, म्हणून ती पूर्ण १२,००० ची मागवली. रबराचा एक बॉटआउट (बाहेरून तयार विकत घेतलेला) पार्ट फक्त याच मॉडेलला लागायचा, तो उरला की डेड स्टॉक, म्हणून त्याची ऑर्डर ९,००० चीच टाकली आणि सप्लायरला सांगितलं की उरलेल्या ३,००० ची कपॅसिटी १० तारखेपर्यंत राखून ठेव. १० तारीख का, तर तोपर्यंतचा रोजचा उठाव बघून महिन्याचा अंदाज येतो. हे सगळं साहेबांना मेल केलं, काय गृहीत धरलंय आणि कधी परत बघणार त्यासकट. १० तारखेला उठाव कमी होता, ३,००० सोडून दिले. महिना ९,३०० ला बंद झाला, वरचे ३०० आधीच्या स्टॉकमधून गेले. कॉइल मात्र पुढच्या महिन्यापर्यंत पडून राहिली, त्यावरून फायनान्सने विचारलं, पण ती रिस्क आधीच मेलमध्ये लिहिलेली होती.’

वाचायला मोठं वाटतं, पण बोलायला तीन मिनिटांच्या आत बसतं. यात काय काय आलंय बघा. काय माहिती नव्हतं ते आकड्यांसकट आलं. विचारून उत्तर मिळणार नाही हे आधी तपासलं. परत फिरवता येईल असा निर्णय आणि न फिरवता येणारा निर्णय वेगळे केले, हा तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. परत कधी बघायचं ती तारीख ठरवली आणि तीच तारीख का, त्यालाही कारण आहे. वरच्याला अंधारात ठेवलं नाही. आणि शेवटी जे थोडं बिनसलं तेही झाकलं नाही. ‘झिरो लाईन स्टॉपेज अचिव्ह केलं’ यापेक्षा कॉइल पडून राहिली हे वाक्य माझा विश्वास जास्त मिळवतं, कारण खऱ्या निर्णयाला किंमत ही पडतेच.

परत फिरवता येणारे आणि न येणारे निर्णय ही विभागणी तुम्ही कदाचित ऐकली असेल. ॲमेझॉनचा संस्थापक जेफ बेझोस याने कंपनीच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात ती एकतर्फी आणि दुतर्फी दारांच्या भाषेत मांडली होती, आणि २०१६ च्या पत्रात असंही लिहिलं होतं की हवी असलेली ७० टक्क्यांच्या आसपास माहिती मिळाली की बहुतेक निर्णय घेऊन टाकावेत, ९० टक्क्यांची वाट बघितली तर उशीर होतो. ॲमेझॉनच्या लीडरशिप प्रिन्सिपल्समध्ये बायस फॉर ॲक्शन (कृतीकडे कल) म्हणून जे तत्त्व आहे त्यातही हेच आहे. तिथे इंटरव्ह्यू देणार असाल तर हे वाचून जा. पण कळकळीची विनंती, ही वाक्यं उत्तरात फेकू नका. दारं-बिरं सगळेच पाठ करून येतात. तुम्ही कॉइल आणि रबराचा पार्ट वेगळा केलात हे सांगितलंत की पॅनेलला आपोआप कळतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, विचारून काम करण्यात चूक काय. काहीच चूक नाही, उलट न विचारता उड्या मारणारा माणूस मला टीममध्ये नको असतो. पण कसं विचारता यावर सगळं आहे. ‘साहेब, शेड्यूल क्लियर नाही, काय करू?’ यात तुम्ही अख्खा प्रश्न उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवलात. ‘साहेब, शेड्यूलवर भरवसा नाही, दोन मार्ग दिसतात, मी पहिला धरतोय कारण त्यात नुकसान कमी, गुरुवारी पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडणार आहे, तुमचं काही वेगळं असेल तर त्याआधी सांगा’, यातही तुम्ही विचारलंच, पण विचार तुमचा आहे. तुम्ही इंटरव्ह्यूत म्हणालात ‘साहेबांना विचारतो’, पॅनेलला पहिलं ऐकू आलं. कदाचित तुम्ही प्रत्यक्षात दुसरं करत असाल. तर मग तसं सांगा ना, त्या मेलमध्ये किंवा त्या फोनवर नेमकं काय बोललात ते सांगा.

आणि काही ठिकाणी थांबणं आणि विचारणं हेच एकमेव बरोबर उत्तर असतं, ते बिनदिक्कत सांगायचं. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दोन रिव्हिजनमध्ये वेगवेगळा दिसतोय आणि लॉट तयार आहे, तर तिथे अंदाज बांधायचा नाही, माल होल्डवर टाकायचा आणि कस्टमरकडून लेखी डेव्हिएशन (फरकासह माल घ्यायची मंजुरी) घ्यायचं. सेफ्टी, क्वालिटी, कायदेशीर कम्प्लायन्स यात ‘मी गृहीत धरून पुढे गेलो’ म्हणणारा माणूस धोकादायक. असे दोन प्रसंग तयार ठेवा, एक जिथे पुढे गेलात आणि एक जिथे मुद्दाम थांबलात. दुसरा कुणी विचारत नाही सहसा, पण ‘तुम्ही नेहमी असंच करता का’ असा उपप्रश्न आला की तो काढायचा, फरक कळणारा माणूस आहे हे त्यातून दिसतं.

ज्यांचं काम प्लॅनिंगचं नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. अकाउंट्समधल्या एका बाईंनी दिलेलं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हाचा प्रसंग. आठवत असेल तर मूळ बेत होता जीएसटीआर-१, २ आणि ३ असे तीन रिटर्न, पण सुरुवातीला तात्पुरतं म्हणून ३बी हे थोडक्यातलं रिटर्न आलं, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये २ आणि ३ स्थगितच केले. त्या काळात व्हेंडरांची बिलं येत होती, कुणाकडे जीएसटी नंबर, कुणाकडे प्रोव्हिजनल आयडी, कुणाकडे काहीच नाही, आणि क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळणार की नाही हे त्यांच्या सीएनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. या बाईंनी व्हेंडरांचे तीन गट केले. नंबर असलेल्यांना पूर्ण पेमेंट, प्रोव्हिजनलवाल्यांना मूळ रक्कम देऊन फक्त टॅक्सचा भाग रोखला, आणि काहीच नसलेल्यांना आधी फोन. कारण त्यांनी छान सांगितलं, की सगळ्यांचं पेमेंट थांबवलं तर माल यायचा बंद होईल, आणि सगळ्यांना सगळं दिलं आणि क्रेडिट नाही मिळालं तर ते पैसे परत मागणं अवघड, पण रोखलेला टॅक्स नंतर कधीही सोडता येतो. शिवाय एक वेगळी शीट ठेवली, कुठली एन्ट्री कशाच्या गृहीतकावर केली त्याची, म्हणजे खुलासा आला की सगळ्या वह्या न चाळता तेवढ्याच दुरुस्त करायच्या. ती शीट ऐकली आणि मी मनात ‘घ्या’ म्हणून टाकलं. पदवी, इंग्रजी, कशाकडे बघायची गरजच वाटली नाही.

आपल्याकडच्या मुलामुलींची एक सवय इथे आड येते, ती म्हणजे ‘आम्ही’. मी केलं म्हणणं आपल्याला फुशारकी वाटते म्हणून सगळं आम्ही केलं, टीमने केलं, सरांच्या मार्गदर्शनाखाली केलं. घरात, गावात ही रीत चांगलीच आहे पण इंटरव्ह्यूत पॅनेलला तुम्हाला एकट्याला निवडायचंय. टीमचं श्रेय टीमला द्या आणि त्यातला तुमचा तुकडा नीट कापून दाखवा: ‘निर्णय साहेबांचा होता, दोन पर्याय आकड्यांसकट मांडले ते मी.’ एवढं पुरेसं आहे.

कधी कधी प्रसंग विचारतच नाहीत, प्रश्नच धूसर देतात. ‘आमच्या एका वेअरहाऊसमधून डिलिव्हरी उशिरा जातायत, तुम्ही काय कराल?’ बास, एवढंच. हा प्रश्न अर्धवट मुद्दाम ठेवलेला असतो आणि लोक लगेच उत्तर द्यायला लागतात, माणसं वाढवू, सॉफ्टवेअर आणू, ट्रान्सपोर्टर बदलू. थांबा. दोन-तीन प्रश्न विचारा: कधीपासून होतंय, सगळ्याच गावांना की काही रूटवरच, आणि उशीर म्हणजे नेमकं कशाच्या तुलनेत, आपण दिलेल्या तारखेच्या की कस्टमरच्या अपेक्षेच्या? बऱ्याचदा समोरचा म्हणेल ‘माहिती नाही, तुम्ही धरा’. तेव्हा गोंधळायचं नाही आणि चौथा-पाचवा प्रश्नही विचारत बसायचं नाही. ‘ठीक आहे, मी धरतो की दोन महिन्यांपासून आणि एकाच रूटवर, मग आधी गाडी गेटबाहेर पडायची वेळ आणि पोचायची वेळ वेगळी काढतो, म्हणजे उशीर आत होतोय की रस्त्यात ते कळेल. तुमचं गृहीतक वेगळं असेल तर मी दुसरीकडून सुरुवात करेन.’ असं मोठ्याने बोलत विचार करायचा. सॉफ्टवेअरवाल्यांना सिस्टिम डिझाइनच्या राउंडला जे देतात त्यातही मोठा भाग हाच असतो, किती युझर, वाचणारे जास्त की लिहिणारे जास्त, हे न विचारताच डब्बे आणि बाण काढायला सुरुवात केली की तिथेच मार्क जातात.

उपप्रश्नांची तयारी गोष्टीपेक्षा जास्त करा. ‘तुमचा अंदाज चुकला असता तर?’ ‘साहेब नाही म्हणाले असते तर?’ ‘तेव्हा आणखी एकच गोष्ट कळू शकली असती तर कुठली हवी होती?’ हा शेवटचा माझा आवडता आहे, कारण ज्याने खरंच डोकं लावलेलं असतं तो क्षणात सांगतो, ‘कस्टमरच्या यार्डात किती गाड्या अर्धवट उभ्या आहेत तो आकडा’, असं काहीतरी नेमकं. आणि चुकलेल्या प्रसंगाला घाबरू नका. विचार नीट होता, माहिती मिळाल्यावर लगेच दिशा बदलली आणि नुकसान आवाक्यात राहिलं, असा चुकलेला निर्णय बऱ्याच गोड शेवटांपेक्षा चांगला ऐकू येतो.

तुम्ही लिहिलंय की अशा वेळी पोटात गोळा येतो म्हणून कदाचित मी या कामाला लायकच नाही. असं अजिबात नसतं. डॅनियल एल्सबर्ग नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये एक साधी कल्पना मांडली होती, एका भांड्यात ५० लाल ५० काळे चेंडू, दुसऱ्यातही लाल-काळे मिळून १०० पण कुठले किती ते माहिती नाही, पैज कुठल्या भांड्यावर लावाल? लोक पहिल्याकडेच वळतात, रंग कुठलाही सांगा. धोका चालतो पण अज्ञात नको, हा माणसाचा स्वभावच आहे, त्यामुळे ‘मला अनिश्चितता आवडते, मी त्यातच फुलतो’ असलं काही म्हणायची गरज नाही, पॅनेलवर ते कुणाला खरंही वाटत नाही. अस्वस्थ वाटतं, म्हणून मी आधी काय माहिती आहे ते कागदावर उतरवतो, हे कितीतरी प्रामाणिक उत्तर आहे.

फ्रेशर असाल तर ऑफिसातलाच प्रसंग हवा असं नाही. फायनल इयर प्रोजेक्टचा गाइड मध्येच बदलला, इंटर्नशिपला पाठवलं आणि तिथे काम काय तेच कुणी सांगितलं नाही, मंडळाच्या कार्यक्रमाची परवानगी आदल्या दिवसापर्यंत आली नव्हती आणि मांडववाल्याला ॲडव्हान्स द्यायचा होता, काहीही चालतं, वरच्या सगळ्या गोष्टी त्यात दिसल्या म्हणजे झालं. एमपीएससीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी मात्र हे जसंच्या तसं नेऊ नये, तिथे आधी कायदा आणि शासन निर्णय काय म्हणतो, आपला अधिकार कुठपर्यंत, मग विवेकबुद्धी, हा क्रम सोडायचा नसतो.

तर पुढच्या आठवड्यासाठी. जुने मेल काढा, शेड्यूलच्या एक्सेल फायली आठवा, कंपनीचं गोपनीय बाहेर न नेता, कस्टमरचं नाव न घेता, आकडे गोल करून. तीन प्रसंग निवडा. प्रत्येकाचं आधी मराठीत पाच ओळींचं टिपण करा: काय माहिती होतं, काय नव्हतं, काय केलं, काय केलं नाही, कधी परत बघितलं. मग इंग्रजीत मोठ्याने बोला, घरच्या कुणालातरी समोर बसवून, फोनवर रेकॉर्ड करून. पूर्ण उत्तर लिहून पाठ करू नका, मध्ये कुणी अडवलं की पाठांतर कोसळतं. इंग्रजी तुटक असलं तरी चालतं, आकडे आणि कारणं स्वच्छ असली की पॅनेल थांबून ऐकतं.

आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतील तेव्हा हे नक्की विचारा: या पोझिशनला पहिल्या ३ महिन्यांत कुठल्या गोष्टी क्लियर नसणार आहेत, आणि त्यातला कुठला निर्णय माझा मी घेऊ शकेन? मला स्वतःला कुणी हे विचारलं तर फार बरं वाटतं. चांगला मॅनेजर लगेच दोन-तीन गोष्टी सांगतो, नवीन प्लांटचा डेटा अजून येत नाही, अमुक प्रोसेस कुणाच्या मालकीची ते ठरलेलं नाही, वगैरे. आणि कुणी नुसतंच ‘आमच्याकडे सगळं डायनॅमिक असतं, ॲडजस्ट करावं लागतं’ म्हणालं आणि निर्णयाच्या प्रश्नाला बगल दिली तर सावध व्हा. काही ठिकाणी जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं वर्णन) नीट लिहिलेला नसतो, जबाबदारी तुमची आणि अधिकार दुसऱ्याचा असतो, आणि त्याला ॲम्बिग्युइटी असं भारदस्त नाव दिलेलं असतं. तिथे ऑफर आली तरी सही करायच्या आधी रिपोर्टिंग कुणाला आणि टार्गेट काय हे मेलवर मागून घ्या.